फोर्ट स्नेलिंग आणि मिनेसोटाचा उदय

फोर्ट स्नेलिंग हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा राज्याच्या जडणघडणीशी निगडित असलेला सरहद्दीवरील लष्करी किल्ला. मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमावरील उंच कड्यावर तो १८२० ते १८२५ या काळात उभा राहिला. त्याला वेढा कधी पडला नाही, त्याच्यावर कोणी चालूनही आले नाही. तरीही मिनेसोटाच्या आरंभीच्या इतिहासातील बहुतेक धागे याच तटाशी येऊन मिळतात.

हा सगळा डकोटा या मूळनिवासी लोकांचा मुलूख. संगमाला ते ब्डोटे म्हणतात आणि तेथील डकोटांच्या एका परंपरेनुसार त्यांची उत्पत्तीच येथे झाली. १८०५ मध्ये लेफ्टनंट झेब्युलन पाइक या अधिकाऱ्याने लष्करी ठाण्यासाठी येथील जमीन मागितली. हजर असलेल्या सात डकोटा प्रमुखांपैकी दोघांनीच करारावर खुणा केल्या. सुमारे १ लाख एकर जमिनीच्या मोबदल्याची जागा पाइकने कोरीच ठेवली होती. स्वतःच्या अंदाजाने त्याने जमिनीची किंमत २ लाख डॉलर धरली होती. सेनेटने १८०८ मध्ये त्या जागी २,००० डॉलरचा आकडा भरला. राष्ट्राध्यक्षांनी हा करार रीतसर जाहीर कधी केलाच नाही. पुढच्या राज्याचा पाया अशा दस्तऐवजावर आहे.

ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धानंतर कॅनडातून येणाऱ्या ब्रिटिश फर व्यापाऱ्यांना या प्रदेशातून हटवणे अमेरिकेला निकडीचे वाटू लागले. १८१९ मध्ये हेन्री लेव्हनवर्थच्या हाताखाली पाचव्या पायदळाची तुकडी आली. नदीकाठच्या लाकडी छावणीतील पहिल्याच हिवाळ्यात स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) अनेक सैनिक दगावले. पुढच्या वर्षी सूत्रे घेतलेल्या कर्नल जोसाया स्नेलिंगने तिथल्याच चुनखडीच्या दगडातून शंकरपाळ्याच्या आकाराचा तट, बुरूज आणि बराकी बांधून घेतल्या. आधी फोर्ट सेंट अँथनी असलेले नाव १८२५ मध्ये बदलून त्याचेच देण्यात आले. बांधकामाला फळ्या आणि खायला पीठ हवे, म्हणून सैनिकांनी सेंट अँथनी धबधब्यावर लाकूड कापण्याची आणि दळणाची गिरणी उभारली. पुढे याच धबधब्याच्या बळावर मिनीआपोलिस हे शहर वाढले.

किल्ल्यावर लष्करी अधिकाऱ्यांइतकेच वजन लॉरेन्स टॅलियाफेरो या सरकारी प्रतिनिधीचे होते. डकोटा आणि ओजिब्वे या दोन मूळनिवासी समाजांतील तंटे मिटवणे, व्यापाऱ्यांना परवाने देणे आणि दारूची आवक रोखणे ही त्याची कामे. १८३९ पर्यंत तो या पदावर होता. १८३७ च्या करारांनी सेंट क्रॉय आणि मिसिसिपी यांमधली जमीन सरकारकडे गेली आणि लाकूडव्यापाऱ्यांना रान मोकळे झाले. लष्करी हद्दीत घरे थाटलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना मात्र १८४० मध्ये सैनिकांनी बाहेर काढले. ते नदीच्या खालच्या अंगाला सरकले. तिथे पियर पॅरंट नावाचा एक गुत्तेवाला आधीच जाऊन बसला होता. सैनिकांना दारू विकणाऱ्या या गृहस्थाच्या ‘पिग्ज आय’ या टोपणनावानेच ती वस्ती ओळखली जाई. १८४१ मध्ये तिथे सेंट पॉलचे चॅपेल (छोटे प्रार्थनामंदिर) झाले आणि मिनेसोटाच्या आजच्या राजधानीला सेंट पॉल हे सभ्य नाव मिळाले.

गुलामगिरी कुठे चालेल आणि कुठे नाही हे ठरवणाऱ्या १८२० च्या मिसूरी तडजोडीनुसार या भागात गुलामगिरी बेकायदा होती, पण अधिकारी आपापले गुलाम घेऊन येत. खुद्द टॅलियाफेरोही त्यांत होता. त्याच्या ताब्यातील हॅरिएट रॉबिन्सनचा विवाह किल्ल्याचे डॉक्टर जॉन एमर्सन यांच्याकडील ड्रेड स्कॉट या गुलामाशी झाला. किल्ल्यावर राहिलेल्या रेचेल नावाच्या गुलाम स्त्रीने १८३६ मध्ये मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयातून आपले स्वातंत्र्य मिळवले होते. स्कॉट दांपत्याचा दावाही मुक्त प्रदेशातील वास्तव्यावरच उभा होता. १८५७ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. या निकालाने यादवी युद्धाआधीचे वातावरण आणखी पेटले.

१८४९ मध्ये मिनेसोटा टेरिटरी (राज्याचा दर्जा मिळण्याआधीचा प्रदेश) स्थापन झाली. १८५१ च्या ट्रॅव्हर्स दे स्यू आणि मेंडोटा येथील करारांनी डकोटांकडे मिनेसोटा नदीकाठची चिंचोळी पट्टी तेवढी उरली. ११ मे १८५८ रोजी मिनेसोटा बत्तिसावे राज्य झाले. सरहद्द पश्चिमेला सरकल्याने किल्ला फ्रँकलिन स्टील या व्यापाऱ्याला ९० हजार डॉलरना विकण्यात आला होता. त्याने पुरते पैसे भरले नाहीत, आणि यादवी युद्ध सुरू होताच सैन्यभरतीसाठी लष्कर तिथे परतले.

१८६२ च्या उन्हाळ्यात कराराची वार्षिक रक्कम वेळेवर आली नाही. उपासमारीने टेकीला आलेल्या डकोटांपैकी काहींनी शस्त्र उचलले. उठाव मोडल्यावर २६ डिसेंबरला मँकेटो येथे ३८ जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. सुमारे १,६०० डकोटा, मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारी माणसे, किल्ल्याखालच्या नदीकाठी कुंपणात डांबली गेली. त्या हिवाळ्यात रोगराईने त्यांतील १३० ते ३०० जण मेल्याचा अंदाज आहे. उरलेल्यांना १८६३ मध्ये राज्याबाहेर घालवण्यात आले. कॅनडात निसटलेल्या दोन म्होरक्यांना पळवून आणून १८६५ मध्ये किल्ल्यावरच फाशी दिले.

लष्कराने ठाणे १९४६ मध्ये सोडले. पुढे महामार्गाच्या आखणीत जुना भाग जाण्याची वेळ आली होती, पण विरोधामुळे तो वाचला. १९६० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आज दिसणाऱ्या बऱ्याच इमारती त्यानंतरच्या पुनर्बांधणीतल्या आहेत. गोल बुरूज, षट्कोनी बुरूज, सेनाधिकाऱ्याचे घर आणि अधिकाऱ्यांची निवासस्थाने मात्र मूळची आहेत.