खापरावरचा मांडा आणि अडकणारी फ्रेम

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरला घरी गेलो की दोन ठिकाणी धग लागते. एक अंगणातल्या चुलीवरच्या खापराची, दुसरी माळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीची. यंदा त्या खोलीत पुतण्याचा गेमिंग पीसी होता आणि परीक्षा संपल्यापासून पुतण्या त्याच्यासमोर होता. मी बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच तक्रार आली, "काका, गेम अटकी जास. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल."

वर जाऊन पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएसचा आकडा होता ६०, ६२, ६१. म्हणजे सेकंदाला साठ चित्रं तयार होत होती. आकड्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि खेळ मात्र खड्ड्यांतून एसटी जावी तसा चालला होता. पोरगा गाडी वळवायचा, चित्र क्षणभर थिजायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं.

खाली आई मांडे करत होती. पुरण भरलेला उंडा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि उलट्या खापरावर अलगद टाकायचा. पंगतीला बसलेल्याला तासाभरात किती मांडे झाले याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याचं लक्ष पानातला मांडा संपल्यावर पुढचा कधी येतो याच्याकडे. आधी चार मांडे भराभर आले आणि मग दहा मिनिटं काहीच नाही, तर सरासरी चांगली असूनही तो आमरसाची वाटी हातात धरून चुलीकडे बघत बसतो.

एफपीएसचं नेमकं असंच आहे. तो सरासरीचा आकडा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, म्हणून एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. पण समजा ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत झाल्या आणि एकीला ११५ लागले, तर बेरीज बरोबर १००० होते. आकडा ६०च दाखवणार, अन् डोळ्याला मात्र सेकंदाच्या नवव्या हिश्शाएवढा गचका बसणार. २०११ साली 'द टेक रिपोर्ट' या अमेरिकी संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी हाच मुद्दा मांडला. सेकंद मोजू नका, सेकंदाच्या आत काय चाललंय ते पाहा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजा. त्यानंतर कार्डांच्या चाचण्यांत फ्रेमच्या वेळेचे आलेख दिसू लागले. आज चाचण्यांमध्ये 'एक टक्का लो' असा आकडा असतो, तो याच विचारातून आलेला आहे. सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम कशा होत्या, ते त्यातून कळतं. सरासरी ९० आणि एक टक्का लो २५ असलेल्या पीसीपेक्षा सरासरी ६० आणि लो ५२ असलेला पीसी मला कधीही चालेल.

आलेख काढायला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबतचा रिव्हाट्यूनर, किंवा कॅपफ्रेमएक्स, यांतलं काहीही घ्या. पडद्यावर फ्रेमच्या वेळेची रेघ, प्रोसेसरचं तापमान, त्याची गती आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के कामात आहे, एवढं दिसलं की पुरे.

आता चुलीवर दोन माणसं आहेत असं समजा. एक उंडा भरून मांडा हातावर मोठा करते, दुसरी खापर सांभाळते. प्रोसेसर म्हणजे पहिली. कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, या फ्रेममध्ये काय काय काढायचं हे ती ठरवते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खापर. ते फक्त भाजतं, पण फार वेगाने भाजतं. खापर सतत भरलेलं असेल, म्हणजे कार्ड ९५ ते ९९ टक्के कामात असेल, तर काळजी करू नका. कार्डाची कुवत तेवढीच आहे, सावल्या-प्रतिबिंबं कमी करा, सुटलं. खापर मधूनमधून रिकामं दिसलं, तर उशीर हातावर होतोय.

पुतण्याच्या पीसीवर कार्ड ६० ते ७० टक्क्यांवर रेंगाळत होतं. खातरजमा म्हणून रिझोल्यूशन निम्म्यावर आणलं. कार्डाचं काम बरंच हलकं झालं, तरी गचके जिथल्या तिथे. म्हणजे ज्या कार्डाच्या नावाने तो बोटं मोडत होता ते बिचारं हात बांधून बसलं होतं. नवं घेतलं असतं तर तेही तसंच बसलं असतं, फक्त जास्त महाग.

मग तापमान पाहिलं. खेळ सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं रेघ सरळ. त्यानंतर प्रोसेसर ९८, ९९, १०० अंशांवर, आणि तिथून रेघेला करवतीचे दात फुटले.

हे दात कुठून येतात ते समजून घेण्यासारखं आहे. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची तापमानाची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादा गाठली की चिप स्वतःला वाचवायला गती आणि व्होल्टेज कमी करते. खर्च होणारी वीज साधारणपणे गतीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत असते, त्यामुळे दोन्ही थोडे उतरले की उष्णता झपाट्याने घटते. चिप जरा निवली की पुन्हा वेग धरते, पुन्हा तापते, पुन्हा उतरते. ही ओढाताण सेकंदासेकंदाला चालते आणि प्रत्येक उतारावर काही फ्रेम रेंगाळतात. त्यात भर म्हणजे चिप जितकी तापलेली, तितकी तिच्यातून वाया गळणारी वीजही जास्त. म्हणजे तेवढ्याच कामाला ती आणखी तापते.

"पण जानेवारीत तर छान चालायचा," पुतण्या म्हणाला. खरंच चालत असणार. खानदेशात राहणाऱ्याने इथे एक साधं गणित ध्यानात ठेवावं. पंखा आणि धातूच्या पात्या चिपला थंड करत नाहीत, त्या फक्त तिची उष्णता खोलीतल्या हवेला देतात. तेवढ्याच वीजखर्चाला चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच वर राहते. हा फरक ५६ अंशांचा धरा. जानेवारीच्या रात्री खोलीत १८ अंश होते तेव्हा चिप ७४ वर होती. आता वैशाखात पत्र्याखाली ४२ झाले की तीच चिप, तोच खेळ आणि तोच पंखा ९८ वर. बिघडलं काहीच नाही, फक्त ऋतू बदलला. परदेशी व्हिडिओत "या पंख्यावर प्रोसेसर ७० अंशांत राहतो" असं सांगतात तेव्हा त्यांच्या खोलीत बहुधा वीस-बावीस अंश असतात. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यासाठी त्या आकड्यात वीस मिळवा आणि मग खरेदीला जा.

पीसी उघडला. पुढून अख्खी काच, हवा आत यायला बोटभर फट. प्रोसेसरसोबत डब्यात आलेला छोटा पंखा काढला, तर त्याच्या पात्यांवर पांढरट गादी बसलेली. नुसती धूळ नव्हती, कापसाचे तंतू होते. हंगामात जिनिंगच्या आसपास जी रुई उडते ती कॅबिनेटमध्येही शिरते, आणि धुळीसारखी ती झटकून जात नाही, जाळं विणते. हे अमळनेर आहे. विप्रोची सुरुवात इथेच १९४५ साली झाली, तीही वनस्पती तुपापासून. संगणकाचा धंदा फार पुढचा. पुतण्याला हे सांगितलं तर त्याने "मग त्यांनी इथल्या उन्हाळ्याचं काही केलं नाही?" असं विचारलं.

ब्रशने तंतू काढले, चिपची उष्णता पंख्याच्या धातूपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली, काच काढून ठेवली आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. एवढ्यानेच तापमान बारा-तेरा अंशांनी खाली आलं. शिवाय खेळात फ्रेमची मर्यादा ६० वर बांधली. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा असताना मेन्यूच्या पडद्यावर सेकंदाला दोनशे फ्रेम काढून पीसीने तापण्यात काय अर्थ आहे?

भाऊ म्हणाला, कूलर सरळ कॅबिनेटवर सोडू. कल्पना दिसते तेवढी वेडी नाही. कोरड्या वैशाखी हवेत पाण्याचं बाष्पीभवन जोरात होतं, त्यामुळे चांगला कूलर बारा-पंधरा अंशांनी थंड हवा देतो. त्या हवेतलं दव गरम चिपवर जमत नाही, दव फक्त आसपासच्या हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर धरतं. भीती आहे ती उडणाऱ्या थेंबांची. आपल्याकडचं विहिरी-बोअरचं पाणी जड, कूलरच्या जाळीवर पांढरी खपली धरते ती पाहिलीच असेल. तीच खपली मदरबोर्डवर नको. खिडकी उघडी ठेवून कूलरने खोली थंड करा, त्याचं तोंड पीसीकडे करू नका. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि या उपायातला दम जातो, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं.

भावाचा दुसरा संशय व्होल्टेजवर होता. संध्याकाळी पंप सुरू झाले की दिवे मंदावतात, मग गेम का अडखळणार नाही? पण पीसीतला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आधी आलेल्या विजेचं डीसी करतो, ती कपॅसिटरमध्ये साठवतो आणि त्यातून १२ व्होल्ट काढून देतो. बाहेर थोडं वरखाली झालं तरी आतले १२ तसेच राहतात. फारच घसरलं तर पीसी बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो, अडखळत नाही. लॅपटॉपचं वेगळं. तो बॅटरीवर किंवा कमी ताकदीच्या चार्जरवर असेल तर स्वतःहून गती कमी करतो.

तुमच्याकडे तापमान ठीक असूनही गचके बसत असतील तर रेघेचा आकार वाचा. नव्या भागात शिरताना खेळ अडकतो आणि तो हार्ड डिस्कवर टाकलेला असेल, तर दोष तिथेच. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरी मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी त्याच्या निम्मे, वर सुई हलायचे आठ-नऊ. एका तुकड्याला बारा-तेरा मिलिसेकंद गेले, म्हणजे जवळजवळ अख्खी फ्रेम, आणि तुकडे शेकडो असतात. एसएसडीत फिरणारी तबकडीच नसते, तिला त्याच कामाला एका मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो. जुन्या पीसीत पैसा घालायचाच असेल तर मी आधी इथे घालेन.

कार्डाची मेमरी भरली की होणारा गचका याहून फसवा असतो. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० हे कार्ड आपल्याकडे घरोघरी आहे. त्यावर ४ जीबी मेमरी. जुन्या प्रकारात ती सेकंदाला १२८ जीबी वेगाने वाचली जाते. खेळाला पाच जीबी लागले की उरलेलं सामान मुख्य रॅममध्ये जातं आणि तिथून आणायचा रस्ता सेकंदाला फार तर १६ जीबीचा. धान्य घरातल्या कोठीत असणं आणि मार्केट यार्डात असणं यात जेवढा फरक, तेवढा इथे पडतो. खेळाच्या सेटिंगमध्ये टेक्श्चरची, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्रांच्या बारकाव्याची, पायरी एकने उतरवली की हा गचका जातो. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी घाला, कारण दोन पट्ट्यांनी प्रोसेसरचा रस्ता दुप्पट रुंद होतो. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगाने धावू देणारी सोय) चालू आहे ना तेही पाहा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच धावत राहते.

व्ही-सिंक, म्हणजे मॉनिटरच्या ठेक्यावरच फ्रेम दाखवायची सोय, हे आणखी एक प्रकरण. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी सुटणाऱ्या एसटीसारखा आहे. फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली तर गाडी गेलेली असते, आता ३३.३ पर्यंत स्टँडवरच. २०१३ साली एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केलं आणि नंतर एएमडीचं फ्रीसिंक आलं. त्यात गाडीच प्रवाशासाठी थांबते. मॉनिटर तसा असेल तर ते नक्की चालू करा.

कधीकधी चोर अगदी अनपेक्षित जागी सापडतो. २०२२ मध्ये एएमडीने मान्य केलं की काही रायझन पीसींवर सुरक्षेसाठीचं एफटीपीएम मधूनच मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी लांबलचक बोलत बसतं आणि तेवढा वेळ सगळा पीसी अडखळतो, आवाजासकट. उपाय होता बायोस अपडेट. त्याआधी किती जणांनी कार्डं बदलली असतील कोण जाणे.

ऑनलाइन खेळात तुमचा कॅमेरा मऊ वळतो आणि फक्त समोरचे खेळाडू उड्या मारतात, तर पीसीला शिव्या देऊ नका, ते नेटचं काम. आणि मॉनिटरची केबल कार्डाला न लावता मदरबोर्डला लावलेली नाही ना, हे लाज न बाळगता एकदा मागे वाकून बघा. मी बघितलं. नव्हती.

संध्याकाळी पुतण्याने तासभर खेळून दाखवलं. प्रोसेसर ८६ च्या पुढे गेला नाही, रेघ सपाट. फक्त एका नव्या शहरात पहिल्यांदा शिरताना एकच उंच सुळका आला. तो मागे फिरला आणि पुन्हा त्याच रस्त्याने गेला. या वेळी सुळका नाही.

"हे काय व्हयनं?"

हे शेडर, त्याला सांगितलं. प्रकाश कसा पडेल, पाणी कसं चमकेल याचे छोटे प्रोग्राम तुझ्या कार्डाच्या भाषेत ऐनवेळी तयार होतात. एकदा झाले की साठवून ठेवले जातात, म्हणून दुसऱ्या वेळी त्रास नाही. ड्रायव्हर अपडेट केलास की बहुधा पुन्हा पहिल्यापासून. प्लेस्टेशनसारख्या यंत्रात सगळ्यांचं हार्डवेअर एकच, त्यामुळे ते खेळासोबतच तयार येतात. पीसीवर खेळ बनवणाऱ्यांनी सुरुवातीलाच ते करून घेतले तर ठीक, नाहीतर तुझ्या-माझ्या हातात काही नाही.

कार्डाचे पैसे वाचले म्हणून भाऊ खूश होता. पुतण्या मात्र समोरची काच काढलेलं कॅबिनेट उघडंवाघडं दिसतं म्हणून अजून थोडा नाराज होता.