राखणीची बंदूक: परवाना, प्रशिक्षण आणि सीमाभाग

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बंदुकीच्या परवान्याचा विषय निघाला की पाठोपाठ रानडुकरांचा निघतोच. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यात भात पोटरीला आले की रात्रीची राखण सुरू होते. कळप एकदा शिवारात शिरला की सकाळी उभे पीक लोळलेले दिसते. बेळगाव शहरातली मागणी वेगळी. तिथे सराफ असतात, व्यापारी असतात आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे या भागात माजी सैनिकही पुष्कळ. निवृत्तीनंतर परवान्याची डबल बार (दोन नळ्यांची) बंदूक घेऊन बँकेच्या दारात उभे राहणारे. सैनिकाला शस्त्र कसे हाताळायचे हे शिकवलेले असते. शेतकऱ्याला कुणीच शिकवलेले नसते. असे का झाले, हे कायद्याच्या इतिहासात दिसते.

इंग्रजांनी शस्त्रांवर बंधने घातली ती बंडाच्या धास्तीने, आणि ती धास्ती त्यांना याच मुलखाने दिली होती. 1824 मध्ये कित्तूरला राणी चन्नम्मांच्या फौजेशी लढताना कलेक्टर थॅकरे मारला गेला. चन्नम्मांचा सरदार संगोळ्ळी रायण्णा याला 1831 मध्ये फाशी दिले ते खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. 1857 साली शस्त्रे हिसकावण्याचा कायदा आला, तेव्हा मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारे द्यायला साफ नकार दिला. फौजेने गावाला आग लावली, कित्येकांना फाशी दिले. त्या बंडावरच्या कन्नड लावण्या पुढे पिढ्यान्पिढ्या गायल्या गेल्या. पुढे लॉर्ड लिटनच्या काळात, 1878 मध्ये, साऱ्या देशासाठी शस्त्र कायदा झाला. गोऱ्यांना सूट आणि एतद्देशीयांना परवाना, अशी त्याची उघड वाटणी होती. कोडगू (कूर्ग) जिल्ह्यातल्या कोडव समाजाला मिळालेली सूट मात्र आजही चालू आहे. 2019 मध्ये केंद्राने ती 2029 पर्यंत वाढवली. एकाच राज्यात कोडगूतल्या कोडवाला परवाना लागत नाही आणि खानापूरच्या शेतकऱ्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे इथल्या माणसाला खुपते, आणि खुपणे रास्त आहे.

1931 च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात घातला होता. संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्क करावा अशी दुरुस्ती मांडली. चोर-दरोडेखोरही मग हाच हक्क सांगतील, असे म्हणत डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. माझ्या मते ते योग्यच झाले.

1959 चा शस्त्र कायदा 1962 पासून लागू झाला. त्याच्या कलम 13 मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. अर्जदार 21 वर्षांचा आहे का, पोलिसांचा अहवाल काय सांगतो, कारण खरे आहे का, एवढे तपासले जाई. त्याला बंदूक भरता येते का, घरात ती कुठे ठेवणार, हे प्रश्न नियमांत ठळकपणे यायला 2016 उजाडले.

आणि ठासणीची बंदूक तर शिकूनच हाताळायची वस्तू. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या कोंबायचा, छर्रे टाकायचे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. दारूचा अंदाज हातालाच असावा लागतो. जास्त झाली तर नळी फुटते. एकदा भरली की काडतुसासारखे काही काढून घेता येत नाही, रिकामी करायला सहसा बारच काढावा लागतो. डुकरे आली नाहीत की पहाटे ती बंदूक तशीच भरलेली घरी येते आणि खुंटीला लागते. घरात पोरेबाळे असतात. डुक्कर समजून अंधारात जोडीदारावरच बार काढल्याच्या बातम्या घाटमाथ्यावरून अधूनमधून येतात, त्यांचे मूळही या न शिकण्यातच आहे.

जंगलाचा कायदा आल्यावर गुंता वाढला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे नोंद करावी लागते आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झाले आणि खानापूरची कितीतरी गावे या टापूत आली. डुकराला विनापरवानगी मारणे गुन्हा, गव्याचे तर नावच नको. म्हणजे राखणीच्या बंदुकीचे कायदेशीर काम उरले ते आवाज करून कळप हुसकावण्याचे.

सीमेची अडचण निराळीच. परवान्यावर तो कुठल्या हद्दीत चालतो हे लिहिलेले असते. ज्याचे घर बेळगाव तालुक्यात आणि शेत महाराष्ट्रातल्या चंदगडात, त्याने बंदूक घेऊन राज्याची हद्द ओलांडली की परवाना असूनही तो गुन्हेगार ठरू शकतो. डुकरांना 1956 ची राज्य पुनर्रचना माहीत नाही. निवडणूक लागली की छाननी समिती ठरवेल त्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. शांततेसाठी ते आवश्यकच आहे, पण निकालानंतर त्या परत मिळायला उशीर झाला तर राखण काठीवर येते.

2016 च्या नियमांनी पहिल्यांदा नव्या अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि सुरक्षित साठवणुकीची हमी सक्तीची केली. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली (मूळ विधेयकात एकच होती), परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि लग्नावरातीत हर्षाने केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला.

कर्नाटकात जिल्हा पोलीस नागरिकांसाठी बंदूक प्रशिक्षण शिबिरे घेतात. ती खानापुरात, जांबोटीत व्हावीत आणि मराठीतही शिकवली जावीत, असे मला कळकळीने वाटते. सुरक्षेची सूचना अर्धवट कळणे जिवावर बेतते. 2016 च्याच नियमांत परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याने 25 वर्षे बंदूक बाळगली की ती वारसाच्या नावे करण्याची सोय आहे. खंडेनवमीला बापाने पुजलेली बंदूक आता मुलांच्या हाती जाते आहे, आणि बऱ्याच घरांत प्रशिक्षणाचा कागद पहिल्यांदा येणार आहे तो या अर्जासोबत. शिबिर ठेवायला सुगीच्या आधीचा, शेतकऱ्याला थोडी उसंत असते तो काळ निवडावा.