अमेरिकेत भाड्याचं घर देताना भेदभाव झाला तर तक्रार कशी करायची, आणि ती कुठे अडकते

न्यू जर्सीत ओळखीच्या लोकांचे हे फॉर्म भरायला मी बरेचदा सोबत बसलेय आणि जवळपास दर वेळी तोच प्रकार बघते. माणूस खरंच दुखावलेला असतो, सांगताना आवाज कापत असतो, आणि फॉर्ममध्ये लिहितो काय तर "लीजिंग ऑफिसमधली (घर भाड्याने देणाऱ्या ऑफिसातली) बाई फार उद्धट बोलली, आम्हाला न्याय मिळावा." मग सरकारी खात्याचं पत्र येतं की ही तक्रार आमच्या कायद्यात बसत नाही. बरोबरच आहे, नुसतं उद्धट वागणं बेकायदा नाहीये. तुम्हाला वेगळं वागवलं ते *कशामुळे*, हे फॉर्ममध्ये दिसलंच पाहिजे.

केंद्राच्या १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये ही कारणं दिलेली आहेत: वंश, रंग, मूळ देश, धर्म, लिंग, अपंगत्व आणि घरात १८ वर्षांखालचं मूल असणं (पोटात बाळ असलं तरी हेच लागू). शेवटची दोन १९८८ साली आली. तुमची तक्रार यातल्या एखाद्या कारणाला जोडता आली पाहिजे. राज्यांचे कायदे याहून पुढे जातात, उदाहरणार्थ न्यू जर्सीत भाडं कुठल्या कायदेशीर उत्पन्नातून भरता, सरकारी व्हाउचरमधून (भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत) का असेना, त्यावरूनही नाकारता येत नाही. तक्रार करायला सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असायची अट नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण एच वन बीवाले (नोकरीच्या व्हिसावर आलेले) घाबरून गप्प बसतात.

आता सगळ्यात अडणारी गोष्ट. प्रत्येकजण विचारतो की पुरावा काय देऊ, आणि मनात असतं नकाराचं पत्र. ते कुणाकडेच नसतं! "तुम्ही इंडियन आहात म्हणून देत नाही" असं कोणी लिहून देत नाही, फोनवर गोड आवाजात "आत्ताच गेलं हो" म्हणतात. म्हणून त्याच दिवशी तुम्हीच एक ईमेल टाका, "आज दुपारी तीन वाजता आपलं बोलणं झालं, अमुक नंबरचं अपार्टमेंट गेलं असं तुम्ही सांगितलंत, बरोबर ना?" उत्तर आलं तर उत्तमच, नाही आलं तरी तारीख-वेळेसकट नोंद झाली. तीच जाहिरात दुसऱ्या दिवशी अजून चालू दिसली तर स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख दिसू दे. दुसऱ्या कोणाला तेच घर "रिकामं आहे, या बघायला" असं सांगितलं असेल तर त्यांचा ईमेलही जोडा, तुलना हीच या केसचा कणा असते. फोन मात्र विचार न करता रेकॉर्ड करू नका. न्यू जर्सीत बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, म्हणजे तुमचीच, पण कॅलिफोर्नियात खासगी बोलणं समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं गुन्हा आहे.

क्रेडिट स्कोअर (उधारी वेळेवर फेडल्याचा इथला आकडा) नाही म्हणून नाकारलं, ही आपल्या नवीन आलेल्या लोकांची नेहमीची तक्रार. हा स्वतःहून भेदभाव होत नाही. पण दुसऱ्या स्कोअर नसलेल्या माणसाला जास्त डिपॉझिट घेऊन घर दिलं आणि तुम्हाला तो पर्यायच दिला नाही, तर तिथे मुद्दा उभा राहतो. आणि क्रेडिट रिपोर्ट बघून नाकारलं असेल तर तसं कळवणं मालकाला बंधनकारक आहे, रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे ६० दिवसांत मागितलात तर तो रिपोर्ट तुम्हाला फुकट मिळतो. मागाच, त्यात चुका असतात.

बाळाचं प्रकरण तर मला सारखं दिसतं. नवरा-बायको वन बेडरूममध्ये राहतात, बाळ होणार कळल्यावर ऑफिस म्हणतं आता टू बेडरूम घ्या नाहीतर लीज रिन्यू होणार नाही, आणि आपले लोक निमूटपणे महिना चार-पाचशे डॉलर जास्त भरायला लागतात. अहो थांबा, आधी विचारा की हा नियम लेखी कुठे आहे आणि गावाच्या ऑक्युपन्सी कोडमध्ये त्या खोलीत किती जणांना परवानगी आहे. एका बेडरूमला दोन माणसं हा साधारण अंदाज धरतात, तो दगडावरची रेघ नाही, खोलीचा आकार आणि मुलाचं वय बघावं लागतं. तान्ह्या बाळासाठी घर बदलायला लावणं हे तक्रार करण्यासारखंच आहे. याउलट आई-बाबा भारतातून सहा महिने आले आणि ऑफिसने पाहुण्यांचा नियम दाखवला, तर तो नियम सगळ्यांना सारखा लावत असतील तर तक्रार टिकत नाही, लीज वाचून आधीच त्यांची नावं घालून घ्या.

जर्सी सिटीच्या बाजूला टू फॅमिली, थ्री फॅमिली घरं (एकाच इमारतीत दोन-तीन स्वतंत्र घरं) खूप, तिथे वेगळीच गुंतागुंत. मालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि चार किंवा कमी घरं असतील तर केंद्राच्या कायद्यात त्याला सूट मिळते. न्यू जर्सीच्या कायद्यात ही सूट बरीच लहान आहे, मालक राहतो त्या टू फॅमिलीतलं दुसरं घर तेवढं बाहेर राहतं, म्हणजे थ्री फॅमिलीचा मालक राज्याच्या कायद्यात सापडतो. वंशावरून नाकारलं असेल तर १८६६ चा जुना कायदा अशी सूट मानतच नाही, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं. आणि सूट असली तरी भेदभावाची जाहिरात करता येत नाही. हे आपल्या लोकांनीही वाचावं, स्वतःच्या घरातली खोली शेअर करायला रूममेट शोधणं वेगळं, पण अख्खं अपार्टमेंट "फक्त महाराष्ट्रीयन फॅमिलीला" म्हणून टाकणं चुकीचं आहे, मला ते बघून फार वाईट वाटतं.

मुदतीत तर निम्मे लोक फसतात. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे हडकडे (HUD), शेवटच्या घटनेपासून एक वर्ष. फेडरल कोर्टात दोन वर्षं, आणि हडकडे तक्रार चालू असेल तो काळ त्यात धरत नाहीत. पण न्यू जर्सीच्या सिव्हिल राइट्स डिव्हिजनकडे फक्त १८० दिवस! लोक "एक वर्ष" वाचून निवांत बसतात. १८० दिवस म्हणजे पूर्ण सहा महिनेही नाहीत, १ मार्चला नाकारलं तर २८ ऑगस्टला संपले, कॅलेंडरवर मोजा.

बाकी भरणं सोपं आहे. हडचा ९०३ नंबरचा फॉर्म ऑनलाइन आहे, किंवा १-८००-६६९-९७७७ वर फोन करा, फी नाही, वकील लागत नाही. मालकाचं किंवा कंपनीचं पूर्ण नाव लीजवरून उतरवा, नुसतं बिल्डिंगचं नाव पुरत नाही. तारीख, कोण बोललं, काय शब्द वापरले, आणि मग सरळ वाक्य: "मला हे घर माझ्या मूळ देशामुळे नाकारलं असं मला वाटतं, कारण त्याच दिवशी दुसऱ्याला तेच घर रिकामं आहे म्हणून सांगितलं."

आणि कृपा करून लक्षात ठेवा, ऑनलाइन फॉर्म पाठवला म्हणजे तक्रार दाखल झाली असं नाही. तिकडून फोन येतो, मग ते औपचारिक तक्रार लिहून पाठवतात आणि त्यावर तुमची सही लागते. अनोळखी नंबर म्हणून फोन उचलला नाही, ईमेल स्पॅममध्ये गेला, आणि सही नाही म्हणून फाइल बंद, असं मी स्वतः बघितलंय. सही झाल्यावर १० दिवसांत मालकाला नोटीस जाते, तपास १०० दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो पण प्रत्यक्षात त्याहून लांबतो, मधे समझोत्याचा प्रस्ताव येतो तो नीट वाचल्याशिवाय मान्य करू नका. तक्रार केली म्हणून भाडं वाढवलं, धमकी दिली, तर तो वेगळा कायदेभंग आहे, त्याचीही तारीख लिहून ठेवा. फक्त घर खाली करायची केस आधीच कोर्टात असेल तर ही तक्रार तिला थांबवत नाही, दिलेल्या तारखेला हजर राहावंच लागतं, हडचं पत्र सोबत न्या.