इंग्रजीसारखी दिसते, पण इंग्रजी नव्हे: ॲपलस्क्रिप्टची तोंडओळख

टेल ॲप्लिकेशन "फाइंडर" टु काउंट फाइल्स ऑफ डेस्कटॉप.

हा ॲपलस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतला एक अख्खा प्रोग्रॅम आहे. मॅकवर ‘स्क्रिप्ट एडिटर’ उघडा (‘युटिलिटीज’ फोल्डरात तो आधीपासूनच असतो), ही ओळ रोमन अक्षरांत टाइप करा आणि कमांड-आर दाबा. पहिल्या वेळी मॅक विचारेल, स्क्रिप्ट एडिटरला फाइंडर (फायली हाताळणारं मॅकचं ॲप) चालवू द्यायचा का? हो म्हटलंत की खालच्या चौकटीत आकडा येतो: डेस्कटॉपवर किती फायली पडल्या आहेत. तो आकडा बघून अनेकांना लाज वाटते, तो भाग वेगळा.

या भाषेचं मूळ हायपरकार्डमध्ये आहे. माहितीची कार्डं एकमेकांना जोडणारं बिल ॲटकिन्सन यांचं हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये आलं, त्यातली हायपरटॉक ही भाषा डॅन विंकलर यांनी घडवली. ती हायपरकार्डपुरतीच होती. १९९३ मध्ये ॲपलने तीच धाटणी घेऊन ॲपलस्क्रिप्ट काढली, ती मात्र दुसऱ्या ॲप्सना कामाला लावण्यासाठी. सुरुवातीला तिच्या फ्रेंच आणि जपानी बोलीही होत्या. तो प्रकार पुढे बंद पडला, नाहीतर ‘डेस्कटॉपवरच्या फायली मोज’ असं लिहायची सोय एखाद दिवशी आपल्यालाही झाली असती.

वाचायला ही भाषा फार सोपी. लिहायला बसलं की मात्र फसगत होते. वरच्या ओळीत ‘ऑफ’ऐवजी ‘इन’ लिहा, चालतं. मध्ये ‘द’ घुसडा, तेही चालतं. मग धीर चेपतो आणि आपण ‘हाऊ मेनी फाइल्स आर ऑन डेस्कटॉप’ लिहितो. तिथे गाडी अडते. दिसायला इंग्रजी असली तरी आत व्याकरण ठरावीक आणि कडकच. इंग्रजी उत्तम येणारा माणूस इथे जास्त ठेचकाळतो, कारण तो अंदाजाने लिहीत जातो.

अंदाज करायचा नसेल तर दोन गोष्टी हाताशी ठेवा. पहिली, रंग. हातोडीचं बटण दाबलं की स्क्रिप्ट तपासली जाते आणि शब्द रंगतात. तुम्ही आज्ञा म्हणून लिहिलेला शब्द व्हेरिएबलच्या (म्हणजे आपणच ठेवलेल्या नावाच्या) रंगात दिसला, तर मॅकने तो आज्ञा म्हणून घेतलेलाच नाही. दुसरी, शब्दसंग्रह. ‘फाइल’ मेन्यूतल्या ‘ओपन डिक्शनरी’मध्ये प्रत्येक ॲपला कळणारे शब्द दिलेले असतात. ‘प्लेलिस्ट’ म्युझिकला समजते, फाइंडरला नाही. म्हणून तर ‘टेल’ लागतो: हुकूम कोणाला, हे आधी ठरवावं लागतं.

खरी गंमत ‘हूज’ या शब्दात आहे. मूव्ह (एव्हरी फाइल ऑफ डेस्कटॉप हूज नेम स्टार्ट्स विथ "स्क्रीनशॉट") टु फोल्डर "ओल्ड" ऑफ होम. एरवी एकेक फाइल घे, नाव तपास, जुळलं तर हलव, असं लूप लिहावं लागलं असतं. इथे निवडानिवड फाइंडरच करतो. होम फोल्डरात ‘ओल्ड’ नावाचं फोल्डर आधी करून ठेवा, ओळीच्या सुरुवातीला ‘टेल ॲप्लिकेशन "फाइंडर" टु’ जोडा. आणि फायली हलवण्याआधी एकदा ‘मूव्ह’च्या जागी ‘काउंट’ लिहून, कंसानंतरचा भाग काढून ओळ चालवून बघा. आकडा अपेक्षेपेक्षा मोठा आला, तर अट नीट तपासा. फायली अजून जागच्या जागीच आहेत.