उंदीर जगला, म्हणून अर्क निर्धोक?

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांत गुळवेल, कारलं, कडुनिंब यांच्या रसाचे भक्त बरेच. आता हेच अर्क बाटलीतूनही मिळतात. ‘प्रयोगशाळेत तपासलेले’ एवढं वाचलं की दांडियाबाजारातली आमची मंडळी निर्धास्त होतात. पण तपासलं काय?

सगळ्यांत सोपी चाचणी म्हणजे उंदराला वजनाच्या किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत अर्क एकदाच पाजायचा आणि १४ दिवस लक्ष ठेवायचं. यातून तडकाफडकी मारणारं विष कळतं, सावकाश घात करणारं नाही.

१९९०च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया मिसळली गेली. शंभराहून जास्त जणींची मूत्रपिंडं बिघडली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपली सापसंद याच कुळातली. साप चावल्यावर ती उगाळून देणारे अजून भेटतात; त्या वेळी लागते प्रतिविषाची सुई, मुळी नव्हे.

असा छुपा घात हेरायला १९७०च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. साल्मोनेला जिवाणूचा असा वाण घ्यायचा, ज्याचं हिस्टिडिन हे अमिनो आम्ल बनवणारं जनुक बिघडलेलं आहे. बाहेरून हिस्टिडिन मिळालं नाही तर तो वाढतच नाही. हिस्टिडिन जवळजवळ नसलेल्या थाळीत हे जिवाणू आणि अर्क घालायचा. अर्काने डीएनएत बदल घडवले, तर एखाद्या जिवाणूत नेमका उलटा बदल होऊन जनुक पुन्हा चालू होतं, आणि दोन दिवसांत त्याची वसाहत, म्हणजे वाढून झालेला ठिपका, नुसत्या डोळ्यांना दिसते. थोड्या वसाहती अर्काविनाही उगवतात, म्हणून शेजारी बिनअर्काची थाळी हवीच. काही पदार्थ आपल्या यकृतात गेल्यावरच घातक बनतात; त्यासाठी उंदराच्या यकृताचा ‘एस-९’ नावाचा अंश मिसळून प्रयोग पुन्हा करतात. अ‍ॅरिस्टोलोकियातलं विष, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल, या चाचणीत पकडलं जातं.

वनस्पतींच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे. अर्कातच हिस्टिडिन असलं तर जनुक न बदलताही जिवाणू फोफावतात आणि निरपराध अर्क दोषी दिसतो.

शिवाय ही थाळी मूत्रपिंडाबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी ९० दिवस रोज अर्क देऊन उंदरांचं रक्त आणि अवयव तपासावे लागतात. तेही विकायचा तोच अर्क घेऊन, कारण पाण्यातला काढा आणि अल्कोहोलमधला अर्क एकाच मुळीतून वेगवेगळी रसायनं ओढून घेतात.