घर सोडून आलेली मुले : कौटुंबिक छळ आणि मानसिक आरोग्य

घरच्यांना न सांगता घर सोडून रेल्वे स्थानकावर, बस स्थानकात किंवा रस्त्यावर राहू लागलेली अठरा वर्षांखालील मुलेमुली. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार ती काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके ठरतात. पळून येणे हा गुन्हा नव्हे. मुंबईत अशी मुले प्रामुख्याने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, कल्याण अशा लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या स्थानकांवर सापडतात.

‘मुंबई बघायची होती’, ‘शाळा आवडत नाही’ ही पहिल्या दिवशीची ठरलेली उत्तरे. दारू पिऊन मारणारा बाप, सावत्र पालकाचा जाच, नात्यातल्याच माणसाने केलेला लैंगिक अत्याचार हे मागाहून, कधी काही आठवड्यांनी बाहेर येते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीत दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसल्याचे आढळले. कुटुंबात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते.

मूल सापडल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी कायद्याने नेमलेली समिती) हजर करावे लागते. त्याआधी जेवण, आंघोळ आणि झोप. ‘का पळालास?’ हा प्रश्न मुलाला आरोपासारखा ऐकू येतो. तो टाळून ‘घरी कोण कोण असतं? रात्री कोण कुठे झोपतं?’ असे विचारल्यास घरचे चित्र उलगडते. नाव आणि गाव आधी खोटे सांगितले जाते, ते लगेच खोडून काढू नये. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास पोक्सो कायद्याखाली (२०१२) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा. तोच प्रसंग प्रत्येक नव्या माणसापुढे पुन्हा वदवून घेणे मुलाला फार जाचक ठरते.

आघाताची लक्षणे बालगृहात बहुधा बदमाशी म्हणून नोंदली जातात. हात उगारला की अंग चोरणे, भिंतीला पाठ लावूनच झोपणे, पोळी उशीखाली लपवणे, क्षुल्लक कारणावरून हाणामारी, हातावर ब्लेडचे ओरखडे. दहा-बारा वर्षांचा मुलगा अंथरूण ओले करतो तेव्हा तो आळशी नसतो, घाबरलेला असतो. ओली चादर सर्वांदेखत धुवायला लावणे हे तो पुन्हा पळण्याचे हमखास कारण. त्याऐवजी रबरी चादर आणि रात्री एकदा हळूच उठवणे पुरते. लक्षणे महिनाभर टिकली तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे.

पंक्चरचे सोल्यूशन किंवा थिनर फडक्यावर घेऊन हुंगल्याने भूक, थंडी आणि भीती काही वेळ विसरली जाते. टिकण्याच्या त्याच साधनाचे पुढे व्यसन होते. नुकतेच हुंगलेल्या मुलामागे धावू नये. दचकल्याने आणि पळण्याच्या श्रमाने हृदयाचे ठोके बिघडून अकस्मात मृत्यू ओढवू शकतो.

सर्वांत मोठी चूक घरी सोडण्याच्या घाईत होते. बापाला फोन जातो, तो रडत येतो, कागदावर सह्या होतात. आणि काही दिवसांत मूल दुसऱ्या स्थानकावर सापडते. समितीने मागवलेला सामाजिक चौकशी अहवाल (घरच्या परिस्थितीची तपासणी) १५ दिवसांत व्हायला हवा, आणि तो फोनवर उरकण्याजोगा नसतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने मूळ गावी घरभेट द्यावी. आईशी एकटीशी, तसेच शेजारी आणि शिक्षकांशी बोलावे. छळणारा घरातच असेल तर मामा, आजी अशा नातेवाइकांकडे, प्रतिपालक कुटुंबात (मुलाला तात्पुरते सांभाळणारे दुसरे कुटुंब) किंवा बालगृहात सोय करतात. खरी अडचण केवळ गरिबीची असेल, तर मिशन वात्सल्य या सरकारी बाल संरक्षण योजनेखाली दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते.

मदतीसाठी १०९८ (ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली) आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे विनाशुल्क क्रमांक आहेत.

अठरा पूर्ण होताच बालगृह सुटते. अनुरक्षणगृहात (बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीचे निवासगृह) साधारण २१ वर्षांपर्यंत राहता येते, मात्र जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला बहुधा छळ झालेल्या घरातच राहिलेला असतो. ही कागदपत्रे समितीच्या पत्राने सतराव्या वर्षीच मिळवून ठेवावी लागतात, नाहीतर बँक खाते, प्रवेश आणि नोकरी तिन्ही अडतात.