सुरुंगमार्जक व सुरुंगशोधक नौका

समुद्रात पेरलेले पाणसुरुंग हुडकून निकामी करणाऱ्या लहान युद्धनौका. बोलण्यात सरसकट ‘माइनस्वीपर’ म्हणतात. वस्तुतः मार्जन व शोधन या दोन भिन्न पद्धती होत.

उगमाविषयी एकमत नाही. मिंग राजवटीतील (चौदावे ते सतरावे शतक) चिनी लष्करी ग्रंथांत पाण्याखालच्या स्फोटकांची वर्णने आहेत, मात्र ती प्रत्यक्ष वापराची मानावीत का, हा प्रश्न उरतो. सुरुंग काढण्याचा आरंभ काही लेखक क्रिमियन युद्धापर्यंत मागे नेतात. १८५५ मध्ये बाल्टिकमध्ये ब्रिटिश खलाशांनी रशियन सुरुंग बाहेर काढले होते. ते काम साध्या होड्यांचे होते. खास नौकांची गरज पटली ती रशिया-जपान युद्धात, १९०४ मध्ये रशियन युद्धनौका ‘पेट्रोपाव्लोव्स्क’ ॲडमिरल माकारॉव्हसह सुरुंगाने बुडाल्यावर, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे ब्रिटनने मासेमारी ट्रॉलरच या कामाला जुंपले.

मार्जनात नौकेमागे पोलादी दोर ओढतात. नांगरलेल्या सुरुंगाची तार त्यात कापली जाते आणि वर आलेला सुरुंग गोळीबाराने फोडतात. तळाशी पडून राहणाऱ्या व जहाजाचे चुंबकत्व ओळखून फुटणाऱ्या चुंबकीय सुरुंगाला दोर निरुपयोगी. १९३९ मध्ये असा जर्मन सुरुंग इंग्लंडच्या किनाऱ्यावरील शूबरीनेसच्या चिखलात अखंड सापडला. त्याची रचना कळल्यावर जहाजांचे चुंबकत्व कमी करण्याची आणि कृत्रिम चुंबकीय क्षेत्राने सुरुंग उडवण्याची तंत्रे आली. सुरुंगविरोधी नौकांसाठी चुंबकीय नसलेले लाकूड व पुढे काचतंतू पसंत केले गेले. जहाजाखालील दाब ओळखणारा सुरुंग मार्जनाने हटवणे फार अवघड. त्यामुळे ‘सोनार’ या ध्वनिलहरींनी शोध घेणाऱ्या यंत्रणेने एकेक सुरुंग शोधून गोताखोर अथवा दूरनियंत्रित यानाकरवी नष्ट करणारी शोधन पद्धत पुढे आली.

भारतीय किनाऱ्याला याची झळ १९१७ मध्ये बसली. जर्मन युद्धनौका ‘वोल्फ’ने पेरलेल्या सुरुंगामुळे ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईजवळ बुडाले. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश व मग सोव्हिएत बनावटीच्या नौका आल्या. सोव्हिएत ‘पॉंडिचेरी’ वर्गातील बारा नौकांत ‘कोकण’ व ‘रत्नागिरी’ ही नावे होती. त्यांतील अखेरची ‘कोझिकोड’ २०१९ मध्ये निवृत्त झाली. नव्या नौका बांधण्यासाठी गोवा शिपयार्डची कोरियन कंपनीशी चाललेली बोलणी त्याआधीच फिसकटली होती. जुलै २०२५ मध्ये नव्या नौकांच्या खरेदीला प्राथमिक मान्यता मिळाली.

पुण्याचा संबंध उलट बाजूने येतो. मे २०२५ मध्ये चाचणी झालेला बहुप्रभावी (जहाजाचे एकाहून अधिक प्रभाव ओळखणारा) तळसुरुंग विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेने विकसित केला. त्यात पुण्याची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा व चंडीगडची एक प्रयोगशाळा सहभागी होत्या.